तुरुंगातलं बंद पडलेलं कॉलेज

कुणी शेतावरून नुकत्याच आला असाल, कुणी चुलीपाशी भाकरी थापत ऐकत असाल. आज आम्ही तुम्हाला एका कॉलेजचा इतिहास सांगणार आहोत. हे कॉलेज तुरुंगात होतं, बायकांच्या तुरुंगात. ते एकदा बंद पडलं आणि तिथल्या बायकांनीच ते पुन्हा सुरू केलं. गोष्ट दूरची आहे, अमेरिकेतली. पण ती आमच्यापर्यंत आली ती आमच्याच गटाच्या एका बैठकीमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मागे एका मासिक बैठकीला गावातली एक बाई आली. काही वर्षं तुरुंगात काढून ती परत आली होती. तिचं नाव आणि तिची केस आम्ही इथे सांगणार नाही, ते सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं. तुरुंगात असताना तिने मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली होती. ती दाराजवळच बसली. बचतीची वही फिरून झाल्यावर म्हणाली, "मला गटात घ्या. बचत नियमित करीन. आणि पुढे नियमात बसलं तर फीपुरतं कर्ज द्या. उरलेली वर्षं पूर्ण करायची आहेत."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आक्का म्हणाल्या, "माझी लेक बारावी झाली आणि घरी बसली. तालुक्याला रोज जायला गाडीभाडं नव्हतं म्हणून. गुन्हा केला नाही तिला कॉलेज नाही, आणि गुन्हा केला तिला सरकारने तुरुंगात कॉलेज दिलं. आता पुढचं आम्ही द्यायचं का?"

खरं सांगायचं तर त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हतं. आक्कांचं दुःख खोटं नव्हतं. वहीत आम्ही "विषय पुढील बैठकीत घ्यावा" एवढंच लिहिलं आणि उठलो. नंतर आम्ही दोघी-तिघी वाचायला लागलो, तेव्हा कळलं की आक्कांनी विचारला तोच प्रश्न तीस वर्षांपूर्वी अमेरिकेच्या संसदेत विचारला गेला होता. तिथे त्याचं जे उत्तर दिलं गेलं, त्याचे परिणाम पुढे तीस वर्षं लोकांनी भोगले.

तुरुंगात कॉलेज आलं कसं

अमेरिकेत कॉलेजचं शिक्षण फार महाग असतं. तिथे १९७२ साली सरकारने गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी एक मदत सुरू केली. हे कर्ज नव्हे, परत करायचं नाही. घरचं उत्पन्न कमी असेल तर कॉलेजच्या खर्चासाठी सरकार पैसे देणार. क्लेबॉर्न पेल नावाच्या खासदाराने त्यासाठी पाठपुरावा केला, म्हणून पुढे तिला "पेल अनुदान" असं नाव पडलं. अट गरिबीची होती. तुरुंगातल्या माणसाजवळ तर काहीच उत्पन्न नसतं, तेव्हा तोही तिच्यात बसला.

त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९७१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात मोठा उठाव झाला होता. कैद्यांनी चार दिवस तुरुंगाचा ताबा घेतला. धड औषधोपचार द्या, माणसासारखं वागवा, शिक्षणाची व्यवस्था सुधारा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारने बळ वापरून तुरुंग परत घेतला. या सगळ्या उठावात कैदी आणि कर्मचारी मिळून ४३ माणसं गेली. त्यानंतर तुरुंगांत काय चालतं याकडे देशाचं लक्ष गेलं.

या दोन्हींमुळे पुढच्या वीस वर्षांत कॉलेजं तुरुंगाच्या आत पोचली. प्राध्यापक आठवड्यातून काही दिवस तुरुंगात जायचे, तपासणी करून घ्यायचे, आत एखाद्या खोलीत वर्ग भरायचा. अभ्यासक्रम बाहेरच्यासारखाच, परीक्षाही तशीच आणि पदवीही तीच.

१९९४ चा कायदा

१९९० च्या सुमाराला तिथे गुन्हेगारीची भीती खूप वाढली होती. निवडणुकीत जो तो आम्ही गुन्हेगारांशी कडक वागू असं सांगत होता. सप्टेंबर १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. जास्त पोलीस, जास्त तुरुंग आणि जास्त शिक्षा यांसाठीच्या त्या जाडजूड कायद्यात एक छोटं कलम होतं: तुरुंगातल्या कुणालाही पेल अनुदान मिळणार नाही.

बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं आमच्या आक्कांसारखंच होतं. कष्टकरी आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या फिया भरतात आणि गुन्हेगार फुकट शिकतात, हा कुठला न्याय? ऐकणाऱ्याला ते पटकन पटायचं.

पण हिशोब काय होता, तो आपण बचत गटाच्या बायका म्हणून बघू या. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने तो मांडला होता. त्या वर्षी साधारण ४० लाख विद्यार्थ्यांना ही मदत मिळत होती. त्यांतले तुरुंगातले होते सुमारे २३ हजार. म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की तुरुंगातल्यांना वगळल्यामुळे बाहेरच्या एकाही नवीन विद्यार्थ्याला मदत मिळणार नव्हती. मदत पात्रतेवर होती. जो पात्र, त्याला मिळतच होती. कैद्याच्या ताटातलं काढून ते बाहेरच्या गरिबाच्या लेकराच्या ताटात पडणार होतं असं नव्हतंच.

ही गोष्ट आम्ही वाचली तेव्हा एकमेकींकडे बघत राहिलो. आक्कांच्या लेकीला गाडीभाडं मिळालं नाही, ते कुणा कैदी बाईच्या पुस्तकांवर खर्च झालं म्हणून नव्हे. लेकीचा प्रश्न खरा होता, पण त्याचा राग भलत्याच दारात गेला होता.

कायदा झाल्यावर दोन-तीन वर्षांत देशभरातल्या तुरुंगांतली शेकडो कॉलेजं बंद पडली. जेमतेम बोटांवर मोजण्याइतकी उरली. न्यूयॉर्क राज्य स्वतःची वेगळी मदत देत होतं, तीही १९९५ मध्ये थांबली.

बेडफर्ड हिल्सच्या बायका

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला बेडफर्ड हिल्स नावाच्या ठिकाणी बायकांचा एक तुरुंग आहे. मोठ्या शिक्षा झालेल्या बायका तिथे असतात. १९०१ पासून तो चालू आहे. तान्ह्या बाळांना आईजवळ ठेवायची सोयही तिथे पहिल्यापासून आहे. तिथे येणाऱ्या बायका बहुतेक गरीब घरच्या, कितीतरी काळ्या आणि लॅटिन वस्त्यांमधल्या. बऱ्याच जणींनी लहानपणी किंवा संसारात मारहाण सोसलेली. पुष्कळ जणी आई असतात. शाळा अर्धवट सुटलेल्याही खूप.

या तुरुंगात १९८० च्या दशकापासून मर्सी कॉलेजचे वर्ग चालत. अनुदान बंद झालं आणि कॉलेजने वर्ग गुंडाळले. कुणाची पदवी एका वर्षावर आली होती, कुणी नुकतीच सुरुवात केली होती. सगळं तिथेच थांबलं.

जुन्या शिकलेल्या बायकांना काळजी वाटायला लागली. नव्याने येणाऱ्या तरुण मुली समोर बघायला काहीच नाही म्हणून भांडणांत आणि निराशेत अडकत होत्या. मग काही जणी तुरुंगाच्या अधीक्षक एलेन लॉर्ड यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, कॉलेज परत आणायला आम्हाला मदत करा. लॉर्ड बाईंनी कॉलेज असतानाचा तुरुंगही पाहिला होता आणि कॉलेज गेल्यानंतरचाही. त्या तयार झाल्या.

मैत्रिणींनो, पुढे जे झालं ते आपल्याला ओळखीचं वाटेल. त्यांनी एक समिती केली. तिच्यात तुरुंगातल्या बायका, तुरुंगाच्या अधिकारी, आसपासच्या गावांतले लोक आणि कॉलेजांतले शिक्षक असे सगळे आले. सरकारचा पैसा नव्हता, मग काय काय जमवता येईल त्याची यादी केली. मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेजच्या अध्यक्ष रेजिना पेरुगी यांनी पदवी द्यायची जबाबदारी घेतली. दुसऱ्या कॉलेजांनी शिक्षक दिले. कुणी पुस्तकं, कुणी संगणक, कुणी देणगी दिली. आणि १९९७ साली वर्ग पुन्हा भरायला लागले.

यातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. तिथे शिकणाऱ्या प्रत्येक बाईने स्वतःचा वाटा घालायचा, असं ठरलं. दर सहामाहीला तुरुंगातल्या कामाची एका महिन्याची मजुरी फी म्हणून भरायची. तुरुंगातली मजुरी ती केवढीशी! त्या पैशात कॉलेजचा खर्च मुळीच भागत नव्हता. तरी बायकांनी तो भरला. आपणही पहिल्या दिवशी बचतीचे पन्नास-शंभर रुपये ठेवतो, तेव्हा त्यात घर बांधायचं आहे असं थोडंच असतं. गटात माझाही हक्क आहे, हे त्या रुपयांनी सांगायचं असतं.

ज्यांची शाळाच पूर्ण झाली नव्हती त्यांच्यासाठी आधी तयारीचे वर्ग होते. गणित आणि लिहिणं पक्कं झाल्यावर कॉलेज. पुढे गेलेल्या बायका मागच्यांना शिकवायच्या.

मोजून दाखवलं

कॉलेज सुरू झालं, पण लोक विचारणारच, याने फरक काय पडतो? म्हणून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या मिशेल फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. तुरुंगातल्या काही बायकाही या अभ्यासात संशोधक म्हणून होत्या. प्रश्न कसे विचारायचे, मुलाखत कशी घ्यायची, माहितीची जुळणी कशी करायची हे त्या शिकल्या आणि अहवालावर त्यांचीही नावं आली. आपल्या गावात सर्व्हे होतो तेव्हा आपल्याला फक्त प्रश्न विचारतात. इथे ज्यांचा सर्व्हे, त्यांच्याच हातात वही होती.

त्यांनी सुटून गेलेल्या बायकांच्या नोंदी तपासल्या. तुरुंगात कॉलेज केलेल्या २७४ जणी होत्या. त्यांच्यापैकी तीन वर्षांच्या आत परत तुरुंगात आल्या त्या शंभरी आठाहूनही कमी, नेमकं सांगायचं तर ७.७ टक्के. कॉलेज न केलेल्या दोन हजारांवर बायकांत हेच प्रमाण २९.९ टक्के, म्हणजे शंभरात तीस.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं. सगळा फरक कॉलेजमुळेच पडला असं म्हणता येत नाही. जी बाई स्वतःहून अभ्यासाला बसते, तिच्यात बदलायची इच्छा आधीपासून असू शकते. पण पुढे २०१३ मध्ये रँड नावाच्या संस्थेने गेल्या तीस वर्षांतले असे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यातही तेच निघालं. तुरुंगात कुठलंही शिक्षण घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा शंभरामागे तेराने कमी परत आले. आणि शिक्षणावर घातलेल्या एका डॉलरमागे पुन्हा तुरुंगात ठेवण्याचे चार ते पाच डॉलर वाचतात, असा त्यांनी हिशोब काढला. माणसाला तुरुंगात ठेवणं फार महाग असतं, हे आपण विसरतो.

बेडफर्ड हिल्सच्या बायकांनी आकड्यांच्या पलीकडचंही सांगितलं. भेटीला येणाऱ्या मुलांशी बोलायला त्यांना काहीतरी मिळालं. आई तुरुंगात आहे याची लाज वाटणाऱ्या मुलाला, आई कॉलेजात आहे हेही सांगता यायला लागलं. आणि स्वतःच्या हातून काय झालं, त्याने कुणाचं काय नुकसान झालं, याचा विचार करायचं बळ वाचताना आणि लिहिताना आलं. शिक्षण म्हणजे गुन्ह्याला माफी नव्हे. त्या बायका आपली शिक्षा भोगतच होत्या.

फाटकाबाहेर

तुरुंगाचं फाटक उघडलं म्हणजे प्रश्न संपला असं होत नाही. बाहेर राहायला घर नाही, काम द्यायला कुणी तयार नाही, मुलं परकी झालेली. अशात अर्धवट पदवी कोण पूर्ण करणार? म्हणून न्यूयॉर्कमध्ये २००० साली सुटून आलेल्या बायकांसाठीच एक संस्था सुरू झाली, कॉलेज अँड कम्युनिटी फेलोशिप. फीसाठी थोडी मदत करायची, सल्ला द्यायचा, आणि मुख्य म्हणजे शिकणाऱ्या बायकांनी महिन्याला एकत्र जमायचं.

दुसरी अडचण साध्या कागदाची होती. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर एक चौकट असायची: तुम्हाला कधी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? "हो" म्हटलं की पुढे आणखी कागद, आणखी दाखले, आणखी खुलासे. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या अर्जांचा २०१५ मध्ये अभ्यास झाला. "हो" लिहिणाऱ्या शंभरातल्या साठांहून जास्त लोकांनी अर्ज मध्येच सोडून दिला होता. कॉलेजने त्यांना नाही म्हणायच्या आधीच ते मागे फिरले होते. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्या विद्यापीठाने ती चौकट प्रवेश अर्जावरून काढायचं ठरवलं.

आणि १९९४ चं ते कलम? २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सरकारने प्रयोग म्हणून काही कॉलेजांपुरती मदत पुन्हा सुरू केली. डिसेंबर २०२० मध्ये संसदेने बंदी उठवली आणि १ जुलै २०२३ पासून तुरुंगातल्या विद्यार्थ्यांना पेल अनुदान परत मिळायला लागलं. मध्ये जवळजवळ २९ वर्षं गेली. तेवढ्या काळात एक मूल जन्माला येऊन त्याला स्वतःचं मूल होतं.

आपल्याकडे

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. तुरुंगात बसून शिकणं-शिकवणं आपल्याला नवं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातूनच "गीता प्रवचने" हे पुस्तक झालं. प्रभाकर संझगिरी या मुंबईच्या कामगार पुढाऱ्याने स्थानबद्धतेत असताना अणूविषयी मराठीत एक विज्ञानाचं पुस्तक लिहिलं होतं. ते छापायला बाहेर पाठवू द्यायला सरकार तयार नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला.

पण ही आधीच शिकलेली, राजकारणातली माणसं होती. साध्या घरातल्या कैद्याला कॉलेजची वाट खुली झाली ती मुक्त विद्यापीठांमुळे. घरी बसून पुस्तकं वाचायची आणि केंद्रावर परीक्षा द्यायची, ही पद्धत आपल्यासारख्या बायकांसाठी सोयीची, तशी भिंतीआडच्या माणसासाठीही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली सुरू झालं आणि १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात त्याचं अभ्यासकेंद्र उघडलं. योगायोग बघा, अमेरिकेने दार लावलं त्याच वर्षी आपल्याकडे एक दार उघडलं. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. त्याचीही केंद्रं राज्यातल्या कारागृहांत चालतात. इग्नूने तुरुंगातल्या विद्यार्थ्यांची फी माफ केली आहे. महाराष्ट्रात तुरुंगात पदवी पूर्ण करणाऱ्या शिक्षा झालेल्या बंद्यांना शिक्षेत ९० दिवसांपर्यंत सूट मिळाल्याचीही उदाहरणं आहेत.

अडचणी मात्र आहेत. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला शंभरातले पंचाहत्तरांहून जास्त जण असे होते की त्यांच्या खटल्याचा निकालच लागला नव्हता. आपण त्यांना कच्चे कैदी म्हणतो. उद्या जामीन होईल की दोन वर्षांनी, हे माहीत नसताना तीन वर्षांच्या पदवीला नाव कोण घालणार? बायका तर तुरुंगात शंभरात चारच. संख्या एवढी कमी की सोयी करताना त्यांचा विचार शेवटी होतो. काही जणींजवळ सहा वर्षांच्या आतली मुलं असतात. आणि जी बाई अंगठा करून आत गेली, तिला कॉलेजच्या आधी बाराखडी आणि दहावी-बारावी हवी. तेव्हा पदवीपर्यंत पोचणारी बाई म्हणजे किती चाळण्यांतून आलेली, ते लक्षात घ्या. आमच्या दाराजवळ बसलेली ती बाई अशी आली होती.

पुढची बैठक

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. आक्का शेवटपर्यंत गप्प होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "त्या बायकांनी आपली महिन्याची मजुरी घातली म्हणतेस?"

आम्ही म्हटलं, "घातली."

"मग हिलाही बचत करू दे. कर्ज नियमाप्रमाणे. आपल्याला जो नियम तोच हिला, कमी नको आणि जास्तही नको."

काही जणींच्या मनात अजून शंका होती आणि आम्ही ती दाबली नाही. एकीने विचारलं, उद्या हप्ता थकला तर? त्यावर ठरलं की कुणाचाही हप्ता थकला तर जे करतो तेच. ठराव झाला, वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. तिचीही सही झाली. ती आमच्या सगळ्यांत सुंदर आहे, हे बघून आक्का हसल्या.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. तुरुंगातून सुटताना तिच्याजवळचे विद्यापीठाचे कागद हरवले होते. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली याचा तिच्याजवळ पुरावाच नव्हता. आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर अभ्यासकेंद्रावर गेल्या. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या माणसाने कागद आणा म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्याच विद्यापीठात शिकलेल्या आमच्या एका मैत्रिणीला बरोबर नेलं. तिला नोंद कशी शोधतात ते माहीत होतं. जन्मतारीख आणि नाव यांवरून तिचा क्रमांक सापडला. ती एकटी गेली असती तर पहिल्याच खेपेला घरी परतून गप्प बसली असती, असं तीच आम्हाला म्हणाली.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी कुणी परत आली असेल तर काही साध्या गोष्टी सांगतो. केस काय होती हे बैठकीत विचारू नका, तो निवाडा न्यायालयाने केलेला आहे. तिने तुरुंगात काही शिक्षण घेतलं का, हे मात्र विचारा. घेतलं असेल तर विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, आणि गुणपत्रिका आहेत का ते बघा. नसतील तर अभ्यासकेंद्रावर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गावाजवळचं केंद्र बदलून मिळेल का ते तिथेच विचारा. दहावी-बारावी राहिली असेल तर मुक्त शाळेची सोय आहे. आणि पहिल्या दोन-तीन खेपांना तिच्याबरोबर कुणीतरी जा. आणि जिची मुलगी, बहीण, सून आज तुरुंगात आहे, तिने पुढच्या भेटीत एवढं विचारावं की आत अभ्यासकेंद्र आहे का, नाव कधी नोंदवतात.

आक्कांचा मूळ प्रश्न आम्ही सोडलेला नाही. त्याच बैठकीत आम्ही गावातल्या बारावीनंतर घरी बसलेल्या मुली आणि सुनांची यादी केली. अकरा नावं निघाली. गटात बसून आम्ही रोज त्यांना बघत होतो आणि कधी मोजलं नव्हतं. त्यांतल्या चौघींनी या वर्षी मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. त्यांतली एक आक्कांची लेक आहे. तिला आता रोज तालुक्याला जावं लागत नाही. अर्ज कसा भरायचा, पुस्तकं कशी मिळतात आणि घरी गृहपाठ कसा लिहायचा, हे तिला आमच्या त्या नव्या सभासदाने शिकवलं. आक्कांच्या ओट्यावर बसून, आक्कांनीच दिलेला चहा पीत.

दोघींची परीक्षा उन्हाळ्यात आहे. निकाल लागला की तुम्हाला नक्की कळवू. तुमच्या गावातल्या यादीत किती नावं निघतात, ते तुम्हीही आम्हाला कळवा.